पेंढ्याचं रेडकू

राग आला की माझे कान आधी तापतात. मग मानेमागं काहीतरी आवळल्यासारखं होतं, आणि मग तोंड सुटतं. हा क्रम मला पाचवीत असताना सबनीस बाईंनी शिकवला. आणि माझे कान आयुष्यात सगळ्यात जास्त तापले ते त्यांच्यावरच. लहानपणाचं लिहायला बसले तेव्हा हे लिहायचं माझ्या मनात नव्हतं. गोठा, शाळा, रंकाळ्यावरचा वारा, आईच्या हातची दूधभाकरी एवढं लिहून मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं. पण परवा नातवाच्या शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि माझा तोल गेला.

व्हिडिओत पाचवीचा वर्ग. भिंतीवर हसऱ्या, रडक्या, रागावलेल्या पिवळ्या चेहऱ्यांचा तक्ता. एक मुलगी उभी राहून सांगते आहे की घरी बाबा आईशी बोलत नाहीत, जेवणाचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात. सांगता सांगता ती रडायला लागते. शिक्षिका तिच्या पाठीवरून हात फिरवते, पण स्वतःचं तोंड मोबाइलकडं. मागं कुणीतरी बासरी जोडलेली. आणि खाली पालकांनी पाठवलेले जोडलेले हात आणि लाल बदाम. त्या पोरीचे आईबाप त्याच ग्रुपवर आहेत. मी सुनेला म्हटलं, लाव शाळेत फोन. ती म्हणाली, "आई, राहू दे ना. चांगलंच शिकवतात की. मुलांना भावना सांगता आल्या पाहिजेत." आल्याच पाहिजेत! मी तेहेतीस वर्षं पाचवी-सहावीची पोरं सांभाळली आहेत, मला हे कुणी सांगायला नको. मीच फोन लावला, बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला तरी कान गरमच होते, म्हणून वही ओढली.

आमचा गोठा गंगावेशीच्या अलीकडच्या एका बोळात होता. घर आणि गोठा यांच्यात एक कुडाची भिंत, तीही अर्धीच. त्यामुळं रात्री झोपेत कूस बदलली की पलीकडं म्हैस कूस बदलताना ऐकू यायची. पहाटे जाग यायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या चरवीत पहिली धार पडली की पत्र्यावर खडे टाकल्यासारखा कर्कश आवाज यायचा, मग चरवी भरत जाईल तसा तो जाड होत जायचा, आणि शेवटी फेसात धार बुडायची तेव्हा नुसतं घुमायचं. त्या आवाजावरून आई अंथरुणातच सांगायची, "आज चंद्रीनं चोरलं बघ." म्हणजे चंद्रीनं सगळं दूध सोडलं नाही. म्हशीचं मन नसेल तर ती दूध वर ओढून धरते, कासेत असूनही देत नाही. मारून देत नाही, ओरडून तर नाहीच. आबा, म्हणजे माझे वडील, तिच्याशी बोलायचे, पाठीवर थापटायचे, पाण्यानं कास धुवायचे, आणि मग ती पान्हा सोडायची. आमच्या आबांचा आवाज माणसांशी बोलताना बोळाच्या त्या टोकाला ऐकू जायचा, म्हशींशी बोलताना शेजारी उभ्या माणसालाही कळायचा नाही.

संध्याकाळी चार म्हशी कट्ट्यावर नेऊन उभ्या करायच्या. आमच्या कोल्हापुरात अजूनही माणसं अशी उभ्यानं दूध प्यायला येतात. गिऱ्हाइकानं पेला पुढं केला की आबा त्यातच धार काढायचे, आणि गडी ते गरम दूध फेसासकट घशाखाली सोडून मिशा पुसायचा. माझं काम पेले विसळायचं. शाळेत माझ्या अंगाला वास यायचा म्हणे. मुली नाकाला पदर लावल्यासारखं करायच्या आणि मी त्यांच्या वेण्या ओढायचे. दर आठवड्याला माझी कुणाशी ना कुणाशी मारामारी. हेडमास्तर आबांना बोलावून घ्यायचे, आणि आबा हात मागं बांधून ऐकून घ्यायचे.

त्या वर्षी सबनीस बाई आल्या. ट्रेनिंग नुकतंच झालेलं, वय बाविशीच्या आसपास, केसांना तेल कमी आणि आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची पोरं कानामागं हात धरून बसायची. शनिवारी कवायत झाली की शेवटचा तास त्यांनी मागून घेतला आणि त्याला नाव दिलं मनाचा तास. बाकं भिंतीला लावायची, जमिनीवर गोल बसायचं. मग बाई उठून दाराला आतून कडी लावायच्या आणि म्हणायच्या, "कडी लागली. आता इथलं इथंच." ती कडी जुनी, गंजकी, लावताना चर्र वाजायची. तो आवाज झाला की आम्ही चाळीस पोरं चिडीचूप.

पहिल्या तासाला बाईंनी विचारलं, राग आला तर कुठं येतो? मंगल म्हणाली, "आमच्या घरात, बाई." सगळे हसले. मंगल माझ्या बाकावर बसायची, माझी एकुलती एक मैत्रीण. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, घरात येतो हे बरोबरच आहे, पण अंगात कुठं येतो? डोळे मिटा आणि शोधा. कुणाला पोटात सापडला, कुणाला दातांत. मला कानात सापडला. बाई म्हणाल्या, "इंदू, आता एक कर. कान तापले की लगेच कुणाची वेणी धरू नकोस. आधी मनात म्हण, माझे कान तापलेत." मला हा खुळचटपणा वाटला. पण पुढच्या मंगळवारी मधल्या सुट्टीत एकीनं नाक मुरडलं, माझे कान तापले, मी मनात म्हटलं, आणि म्हणेपर्यंत ती पोरगी लांब गेली. वेणी हाताला लागलीच नाही. बाईंची ही विद्या खरी होती, हे मी इतक्या रागातसुद्धा लिहून ठेवते. तिच्यावर मी तेहेतीस वर्षं भाकरी खाल्ली आहे.

एकदा त्यांनी घरचा अभ्यास दिला. घरातल्या एकाचा चेहरा रोज बघायचा, आठवडाभर, आणि त्याला काय वाटत असेल ते येऊन सांगायचं. विचारायचं असेल तर विचारायचंही. कुणी आई निवडली, कुणी आजोबा. मी चंद्री निवडली. वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, "का हसता? तिलाही मन आहे." मला इतका अभिमान वाटला की मी घरी पळतच गेले.

चंद्री तेव्हा नुकती व्यालेली. पहिलटकरीण, नाजूक, परक्या माणसाला जवळ येऊ न देणारी. रेडकू नर होतं, काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. त्या चिकाचा खरवस आईनं वेलदोडा घालून केला होता आणि बोळातल्या दहा घरांत वाटला होता. रेडकाला ढुशा मारून दूध पिताना बघायचं आणि चंद्रीचे डोळे बघायचे, हा माझा अभ्यास. तिचे डोळे अर्धे मिटायचे. मी वहीत लिहिलं, चंद्रीला बरं वाटतं. त्याच आठवड्यात रेडकाला हगवण लागली. आबांनी पाला वाटून पाजला, डॉक्टरांना आणलं, दोन दिवस ते त्याच्यापाशी पोतं अंथरून बसले. तिसऱ्या दिवशी ते गेलं. चंद्री दिवसभर हंबरत होती. आणि संध्याकाळी तिनं धार दिली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कास दगडासारखी झाली, हात लावला की लाथ.

आबा त्या तिसऱ्या दिवशी सकाळीच मेलेलं रेडकू घेऊन कुठंतरी गेले होते. दोन दिवसांनी ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर तेच रेडकू होतं. मला वाटलं, बरं झालं! मी धावले. जवळ गेले तर त्याच्या पोटावर सुतळीचे टाके. पायांत बांबूच्या काठ्या. आत पेंढा भरलेला, एका टाक्यातून पेंढ्याची काडी बाहेर आलेली. कपाळावरचा पांढरा ठिपका मात्र तसाच. आबांनी ते चंद्रीपुढं उभं केलं, त्याच्या पाठीवर मीठ चोळलं, आणि बाजूला सरले. चंद्रीनं वास घेतला. बराच वेळ घेतला. मग ती चाटायला लागली, आणि आबा चरवी घेऊन खाली बसले. त्या चरवीत धार पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

माझे कान असे तापले की मी मनात काही म्हणायलाही थांबले नाही. "आबा, तिला फसवतायसा! खोटारडं!" असं मी बोळात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले. आबांनी मान वर केली नाही. "इंदे, आत जा," एवढंच म्हणाले. आई आतून आली आणि माझं बकोट धरून मला घेऊन गेली. "कास फुटंल तिची. मरंल ती. तुला काय कळतंय गं?" मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. मी चंद्रीचे डोळे आठवडाभर बघितले होते, वहीत लिहिले होते.

शनिवारी बाईंनी कडी लावली आणि मी सांगितलं. सगळं. टाके, पेंढा, मीठ, चंद्रीचं चाटणं. माझे आबा खोटारडे आहेत, असंही म्हणाले. आणि रडले. मी, जिनं आख्ख्या वर्गाच्या वेण्या ओढल्या होत्या. कुणी हसलं नाही. मंगलनं माझा हात धरला, आणि ज्या पोरी नाक मुरडायच्या त्यातली एक आपल्या परकराच्या टोकानं डोळे पुसत होती. बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या दिवशी घरी जाताना मला उडाल्यासारखं हलकं वाटत होतं. मी आबांशी मात्र बोलले नाही. आठवडाभर त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी शाळा तपासायला साहेब आले. मनाच्या तासाला बाकं भिंतीला लावलेली होती तशीच, पण गोलाच्या बाहेर तीन खुर्च्या. एकीवर साहेब, एकीवर हेडमास्तर, एकीवर साहेबांची बॅग. बाईंचे गाल लाल झाले होते. त्यांनी एकदोघांना सोपं काहीतरी विचारलं, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "इंदू, तू ते सांग ना बाळ. चंद्रीचं." मी दाराकडं बघितलं. म्हटलं, "बाई, कडी?" त्या हसल्या. "अगं, आज साहेब आपलेच आहेत." दार सताड उघडं होतं आणि व्हरांड्यातून सातवीची पोरं डोकावत होती. मी सांगितलं. नाही म्हणता येतं हे मला ठाऊक नव्हतं. पाचवीतल्या पोराला कुठं ठाऊक असतं? रडायचं नाही असं ठरवून सुरुवात केली आणि चाटायला लागली इथं आल्यावर रडू फुटलंच. साहेबांनी रुमाल काढला. "उत्तम प्रयोग," ते म्हणाले. बाईंना म्हणाले, मला नाही.

हेडमास्तरांच्या घरी आमचा दुधाचा रतीब होता. सोमवारी सकाळी आई दूध घालायला गेली तर त्यांच्या मंडळींनी दारातूनच सांगितलं, "उद्यापासून नको हो. मेलेल्या वासराचं कातडं दाखवून काढलेलं दूध आमच्या घशाखाली नाही उतरायचं." आईनं भरलेली किटली परत आणली आणि चुलीपुढं ठेवली. आबा न्याहारीला बसले होते, ताटात भाकरी आणि खर्डा. "कुणी सांगितलं त्यास्नी?" आबांनी विचारलं. आई माझ्याकडं बघत राहिली. मी खाली बघून सांगितलं की मनाच्या तासाला सांगितलं. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी अंग चोरलं. आबा म्हणाले, "म्हशीचं सांगितलंस. बरं केलंस." आणि भाकरी तशीच ठेवून उठले.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर मी पेले विसळत होते. एक गिऱ्हाईक, रोजचंच, आबांच्या बरोबरीचं, पेला पुढं करून मोठ्यानं म्हणालं, "काय पावणं? आज खरं रेडकू हाय का पेंढ्याचं?" चार माणसं हसली. रोज नावानं हाक मारणाऱ्या माणसानं आबांना पावणं म्हटलं! आबाही हसले. नुसते दात दिसले. त्यांनी त्याच्या पेल्यात धार काढली, पेला त्याच्या हातात दिला आणि दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले. मला तो पेला त्या माणसाच्या तोंडावर फेकावासा वाटला. पण आग तिथं लागली नव्हती. मी कडीचा विचार करत होते.

मंगळवारी बाईंनी मला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. फार खुशीत होत्या. साहेबांनी वरच्या साहेबांना सांगितलं होतं, येत्या शनिवारी ते येणार होते, इतर शाळांचे शिक्षक येणार होते, पालकांनाही निरोप जाणार होते. हा तास सगळीकडं सुरू होईल, म्हणाल्या. "किती मुलांचं भलं होईल, विचार कर. फक्त तू त्या दिवशीसारखंच सांग. मनापासून. घाई करू नकोस. आणि ती चाटायला लागली म्हणतेस ना, तिथं जरा थांब. रडू आलं तर येऊ दे, अडवू नकोस." वाईट बाई नव्हत्या त्या. हेच मला आजही सहन होत नाही. वाईट असत्या तर मी त्यांना त्याच दिवशी मनातून काढून टाकलं असतं. त्यांना खरोखर वाटत होतं की त्या माझ्यासाठी आणि सगळ्या पोरांसाठी काहीतरी थोर करत आहेत, आणि एका पोरीला कुठल्या वाक्यावर थांबून रडायचं ते शिकवताना त्यांचा हात माझ्या डोक्यावरून मायेनं फिरत होता. मी मान हलवली. माझ्या मानेमागं आवळलं होतं.

तो शनिवार उजाडला. वर्गात खुर्च्या मावत नव्हत्या. आणि मागच्या भिंतीला टेकून आबा उभे. धुतलेला पायजमा, पांढरी टोपी, आणि दोन माणसं बाजूला सरून त्यांच्यापासून अंतर ठेवून बसलेली. शाळेचा निरोप आला म्हणजे जायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. काय ऐकायला बोलावलंय हे माहीत नव्हतं. मी त्यांना खोटारडे म्हणणार होते, त्यांच्या तोंडावर, इतक्या खुर्च्यांपुढं.

"इंदू," बाई म्हणाल्या, "सांग बाळ, आज तुला काय वाटतंय?"

मी उभी राहिले. "राग आलाय."

बाईंनी खुर्च्यांकडं बघून मान डोलावली. "छान. कुठं आलाय?"

"कानात."

"आणि कुणाचा आलाय?"

"तुमचा."

त्या क्षणी त्यांना वाटलं की मी चुकले. "चंद्रीला फसवलं त्याचा ना?" त्या हळूच म्हणाल्या.

"न्हाय. तुमचाच." आणि माझं तोंड सुटलं. शाळेत बोलायची भाषा कुठल्या कुठं गेली. "कडी लावतो म्हणालासा, आणि लावली न्हाईसा. इथलं इथंच म्हणालासा, आणि साहेबास्नी दाखवलंसा. आता म्हणताय, हितं थांब, हितं रड. मी काय म्हैस हाय व्हय, बसलं की धार काढायला?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. हेडमास्तर खुर्चीवरून उठले, आणि त्यांची चपराक माझ्या तापलेल्या कानावरच बसली. दुसरी बसायच्या आत आबा खुर्च्यांतून वाट काढत पुढं आले होते. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "चल." बाई खडू हातात घेऊन तशाच उभ्या होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते. चाळीस पोरं, इतक्या खुर्च्या, आणि त्यांना काय वाटतंय हे विचारायला तिथं कुणीही उठलं नाही.

घरी जाताना आबा पुढं, मी मागं. आता बोळात शिरल्यावर मार पडणार, मी मनाशी मोजत होते. पाण्याचा खजिना म्हणतात त्या टाकीपाशी ते थांबले. मागं न वळता म्हणाले, "कानात येतो व्हय तुझा राग?"

"व्हय."

"माझा हातात येतो." थोडं चालले, मग म्हणाले, "म्हणून मी हात बांधून हुबा ऱ्हातो."

मी त्यांच्या पाठीकडं बघितलं. हात मागं बांधलेलेच होते, बोटं एकमेकांत इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती. मला इतकी वर्षं वाटत होतं की माझे आबा भित्रे आहेत. हेडमास्तरांपुढं, गिऱ्हाइकांपुढं हात बांधून उभे राहतात म्हणून. ज्याचे कान तापतात त्याला दुसऱ्याचे हात दिसत नाहीत, हे मला कुठल्याच तासाला कुणी सांगितलं नव्हतं.

मनाचा तास बंद झाला. त्याच्या जागी अंकगणित आलं. मंगल म्हणाली, तुझ्यामुळं गेला, आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिचं खरं होतं. मोठ्या माणसांनी चूक केली की ती चूक दुरुस्त करण्याऐवजी आख्खा तासच उपटून फेकतात, आणि पोरांना पुन्हा वेण्या ओढायला मोकळं सोडतात. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर तो तास परत सुरू केला. कडी लावून. एकदा अधिकारी बाहेरून दार वाजवत राहिले आणि मी तास संपेपर्यंत उघडलं नाही. त्याचा मेमो मला मिळाला, तो अजून माझ्या कपाटात आहे. निवृत्त होताना सत्काराच्या शालीपेक्षा मी तो जपून घरी आणला.

शाळेतल्या त्या प्रकारानंतर तीनचार दिवसांनी सबनीस बाई कट्ट्यावर आल्या. संध्याकाळची वेळ, गर्दीची. त्या पेला घेणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या, एकट्या बाई, सगळे वळून बघत होते. मी पेले विसळायची थांबले. माझ्याकडं माफी मागायला आल्या असणार, असं मला वाटलं. मी काय बोलायचं तेही ठरवून टाकलं, चांगलं तिखट. त्यांचा नंबर आला. आबांनी पेला भरून दिला. "घ्या की बाई." त्यांनी तो घेतला, प्यायल्या नाहीत. चंद्रीपुढं ते पेंढ्याचं रेडकू उभं होतं, पाठीवरचे केस चाटून चाटून झिजलेले. त्याच्याकडं बघत त्यांनी, मला नव्हे, आबांना विचारलं, "हे तिच्यापुढं ठेवताना तुम्हाला काय वाटतं?"

आबांचा हात कासेवरच थांबला. त्यांनी मान वर करून बाईंकडं बघितलं, कुणी अंगावर पाणी टाकावं तसं. "मला इचारणाऱ्या तुमी पयल्या," ते म्हणाले. मग चरवीत बघत म्हणाले, "सांगतो. पर सगळ्यांम्होरं न्हाय सांगायचा."

बाई थांबल्या. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत पेला हातात धरून थांबल्या. मग म्हशींमागोमाग त्याही गोठ्यात आल्या. आबांनी बादली पालथी घालून त्यांना बसायला दिली, माझ्या हातात चरवी दिली आणि म्हणाले, "इंदे, आत जा." मी गेले. कुडाच्या अर्ध्या भिंतीवरून मला ते दोघं दिसत होते. बाई बादलीवर, आबा उकिडवे, त्यांचा एक हात त्या रेडकाच्या पाठीवर. हात बांधलेले नव्हते. ते म्हशींशी बोलायचे त्या आवाजात बोलत होते, त्यामुळं एक अक्षरही माझ्यापर्यंत आलं नाही. बाई मधेच मान हलवत होत्या. बराच वेळ बसले. दूध केव्हाच निवलं असेल, पण जाताना त्यांनी ते सगळं प्यायलं आणि पेला स्वतः विसळून ठेवला.

पुढच्या वर्षी बाईंची बदली गारगोटीकडं झाली आणि नंतर त्यांचा पत्ता लागला नाही. त्यांच्यावरचा माझा राग केव्हा विरला तेही मला कळलं नाही. आबा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पण एक राग आहे तो जात नाही. हे लिहितानाही कान तापले आहेत. आबांनी ते बाईंना सांगितलं, त्यांची आणि आबांची चार दिवसांचीही ओळख नव्हती, आणि मला, पोटच्या पोरीला, शेवटपर्यंत सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मी किती वेळा हा जाब मनातल्या मनात त्यांना विचारला आहे. आणि दर वेळी तो पाचवीतला घरचा अभ्यास आठवतो. घरातल्या एकाचा चेहरा बघायचा, विचारायचं असेल तर विचारायचं, असं बाईंनी मलाही सांगितलं होतं. मी म्हैस निवडली.